साठ अक्षरं

"बाई, परत एकदा बगा की. असं कसं कोरडा म्हनता तुमी?"

टेबलापलीकडे उभी असलेली म्हातारी बसायला तयार नव्हती. दगडाबाई शिंगाडे तिचं नाव. औंधच्या पुढे माळावर शिंगाडेवस्ती म्हणून बारा-पंधरा घरं आहेत, तिथून दोन एसट्या बदलून ती साताऱ्याच्या या हातपंप दुरुस्ती ऑफिसात आली होती. ही तिची तिसरी खेप.

आम्रपाली लादेने वस्तीचं नाव पुन्हा टाइप केलं. काळ्या पडद्यावर हिरवी ओळ उमटली. शिंगाडेवस्ती. हातपंप एक. तक्रार जून ९६. कामाचा प्रकार: कोरडा. मे ९७ उजाडला होता, म्हणजे त्या नोंदीला अकरा महिने झाले होते.

"आजी, तुमचा हापसा कोरडा म्हणून नोंदलाय," ती म्हणाली. "कोरड्या हापशावर दुरुस्तीची जीप जात नाही. नवीन बोअर मंजूर झालं की मगच."

"आवं, पन मैलभर खाली मळ्यातली हीर भरल्याली हाय. आमी तितनंच वाहतोय न्हवं पानी. आन् ह्योच तेवढा कोरडा कसा व्हतोय?" म्हातारीने हवेतच दांडा दाबून दाखवला. "दांड्याला काय वजनच न्हाई बगा. पाखरू बसलं तरी खाली जाईल."

दाराशी पाना पुसत बसलेल्या जोतीराम पिसाळांचा हात थांबला. ते या ऑफिसातले सगळ्यात जुने मेकॅनिक. बावीस वर्षं जिल्हाभर हापसे उघडण्यात गेलेली, आणि निवृत्तीला वर्षच उरलेलं.

"आवं आजी," त्यांनी विचारलं, "दांडा हलका लागतोय का? पैल्यापास्नं?"

"पैल्या दिसापास्नं. सांजच्याला नीट हुता. सकाळी बगतोय तर हातात काय लागंचना."

जोतीराम उठून टेबलापाशी आले. आम्रपालीला म्हणाले, "पोरी, ह्यो कोरडा न्हाई. साखळी तुटलीया. कोरड्याचा दांडा असा लागत न्हाई." मग पडद्याकडे बघून विचारलं, "हितं कोरडा कुनी लिवलं?"

त्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारी आम्रपाली एकटीच होती.

पूर्वी असं नव्हतं. दीड वर्षापूर्वीपर्यंत तक्रारी रजिस्टरात लिहिल्या जात. गावाकडून आलेल्या कार्डावर माणसाने जे लिहिलं असेल ते आम्रपाली जसंच्या तसं उतरवून घ्यायची. "हापसा करकरतो", "पानी तांबडं येतं", "दांडा वर जातच न्हाई". सकाळी जोतीराम तिला ते वाचायला लावत, दोनदा ऐकत आणि त्याप्रमाणे जीपमध्ये सामान टाकत. मग कॉम्प्युटर आला. त्यात कामांची वर्गवारी होती. वायसर, झडप, साखळी, सळई, पाइप, चौथरा, गढूळ, कोरडा आणि इतर. नऊ प्रकार, प्रत्येकापुढे एक आकडा. आकडा दाबल्याशिवाय पुढची नोंद उघडत नसे. कोणता प्रकार कधी निवडायचा, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. कार्डावर "पाणी येत नाही" असं असलं की आम्रपाली आठ दाबायची. पाणी येत नाही म्हणजे कोरडा. यात चूक असू शकेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. काहीच कळलं नाही तर नऊ, इतर. साहेब उलट खूश होते. पूर्वी आठवडा लागायचा ती यादी आता दोन तासांत छापून निघत होती.

दुसऱ्या दिवशी जीप औंधला जाणार होती. यादीत शिंगाडेवस्ती नव्हती. "वाटंत चहाला थांबलो म्हनीन," जोतीराम म्हणाले. आम्रपालीने एक दिवसाची रजा टाकली आणि मागच्या सीटवर ग्रीसच्या डब्याशेजारी जाऊन बसली. नऊ वर्षांच्या नोकरीत तिने उघडलेला हापसा कधी बघितला नव्हता.

वस्तीवर पोचल्यावर जोतीरामांनी आधी दांडा दोन बोटांनी उचलून सोडून दिला. मग पंपाच्या डोक्याचं झाकण उघडलं आणि तिला जवळ बोलावलं.

"ही बग साखळी. आन् हा तिचा खालचा बोल्ट, झिजून तुटलाय. त्यामुळं सळई खाली बसलीया. दांडा नुसताच हवेत हालतोय. पानी कुठलं वर येतंय?"

त्यांनी सळई चिमट्याने वर खेचून धरली, नवा बोल्ट बसवला, साखळीला ग्रीस लावलं. वीस मिनिटं लागली असतील. मग बाजूला होऊन म्हणाले, "आजी, मारा हात."

दगडाबाईने पदर खोचला. वीस हात झाले, तीस झाले. मग आतून घरघर आली, गंजाचं तांबडं पाणी आलं आणि पाठोपाठ निवळ. कुणी ओरडलं नाही. बायका भांडी आणायला घराकडे पळाल्या, तेवढाच काय तो गलका.

सगळ्यात शेवटी एक तिशीची बाई चालत आली. डाव्या कमरेवर लहान कळशी. उजवा हात मनगटापाशी वाकडा होऊन आत वळलेला.

"माजी सून, मनुबाई," दगडाबाई म्हणाली. "दिवाळीच्या आदी हिरीच्या पायरीवरनं घसरली, भरल्या हंड्यासकट. हाड गावातच बसवलं, त्ये वाकडंच बसलं. लोकर कातायची ही. हिच्यासारका धागा आमच्यात कुनाचा नव्हता. आता चाती धरता येत न्हाई."

जोतीरामांनी आम्रपालीकडे बघून किंचित मान हलवली, नको बोलूस अशी. पण ती बोललीच.

"वहिनी, हापसा कोरडा आहे असं मीच लिहिलं होतं. तुमचं कार्ड आलं होतं. पाणी येत नाही एवढंच होतं त्यात. मी कुणाला विचारलं नाही."

"जाऊ द्या बाई," दगडाबाई मध्ये पडली. "कार्डातनं तुमाला तरी काय दिसनार..."

"आत्ती, थांबा जरा." मनुबाईचा आवाज चढला नव्हता. "आमच्यासारकं आनकी किती जनांचं लिवलंय तुमी?"

"माहीत नाही," आम्रपाली म्हणाली.

"मग बगा की."

तिने कळशी नळाखाली ठेवली आणि डाव्या हाताने दांडा मारायला लागली. आम्रपाली मदतीला पुढे झाली, तशी मनुबाईने मान हलवून नको म्हटलं.

ऑफिसात परतल्यावर आम्रपालीने कोरड्या हापशांची यादी छापली. एकशे त्रेसष्ट. जुनी कार्डं महिन्यावार सुतळीने बांधून कपाटात ठेवलेली होती. ती तिने एकेक सोडली आणि नोंदींशी लावून बघितली. पुष्कळ कार्डांवर खरंच "पाणी येत नाही" याशिवाय काही नव्हतं. पण काहींवर होतं. "आवाज बदलला मग पाणी गेलं." "दांडा हातात येतो." "सकाळी येत नाही, दुपारी येतं." हे सगळं तिने वाचलं होतं आणि आठ दाबला होता. का? घाई नव्हती, आळसही नव्हता. नऊ प्रकारांच्या यादीत त्या शब्दांना जागा नव्हती, म्हणून ते तिच्या नजरेतून निसटले होते.

तिने जोतीरामांना विचारलं, "काका, कार्ड वाचून कुठला प्रकार ते मला कसं कळेल? नऊही प्रकारांचं सांगाल का?"

मग जेवणाच्या सुट्टीत दोघं मागच्या व्हरांड्यात बसू लागले. जोतीराम डबा लवकर संपवत. सुरुवातीला त्यांना सांगताच येईना. डोळे मिटून ते हवेत दांडा मारत आणि म्हणत, "हं, झडप गेली की असं लागतंय."

"असं म्हणजे कसं? मला लिहायचंय, काका."

"रातभर पानी पाइपात ऱ्हात न्हाई, खाली जातंय. म्हून सकाळच्याला पैल्या कळशीला लय हात मारावं लागत्यात. मागनं नीट येतंय. झडप."

"आणि वायसर?"

"वायसर गेला की दिसभर तसंच. दांड्याला वजन असतंय, हात मारून मारून मानूस दमतंय आन् पानी करंगळीएवढं."

"खरा कोरडा कसा ओळखायचा?"

जोतीरामांनी डब्याचं झाकण लावलं. "त्यो एका दिसात व्हत न्हाई, पोरी. आदी पानी थोडं थोडं व्हतं. येतं, थांबतं, घटकाभरानं परत येतं. गाव सांगतं, म्हैना झाला असं व्हतंय म्हून. रातीत बंद पडला त्यो कोरडा न्हवं. त्यो मोडला."

ती भराभर लिहून घेत होती. एकदा तिने लिहिलेलं वाचून दाखवलं, "खालच्या झडपेतून गळती असल्यास," तर त्यांनी थांबवलं.

"झडप कुनाला म्हाईत हाय? लोकांना त्या सामानाची नावं म्हाईत नसत्यात. त्यांच्या हाताला काय लागतंय त्ये इचार. नाव आपन लावायचं."

जूनमध्ये सांगलीहून शिवांजली जाधव आली. हा प्रोग्राम तिच्या कंपनीने केला होता आणि सहा महिन्यांनी एकदा ती तो तपासायला येई. चोवीस-पंचवीसची, बोलायला तुरतुरीत. आम्रपालीने वही तिच्यापुढे ठेवली.

"आकडा निवडायच्या आधी हे इथेच दिसायला पाहिजे," ती म्हणाली. "वेगळ्या कागदावर नको, कागद हरवतो. मी कोरड्यावर आले की कोरडा म्हणजे काय ते समोर आलं पाहिजे."

शिवांजलीने वही चाळली. "यादी ऑफिसनं दिली तशीच आम्ही टाकली होती, मॅडम. निवडणाऱ्याला काय माहीत असतं, हे कुणी बोललंच नाही. मीही विचारलं नाही." तिने थोडा वेळ पडद्याकडे बघितलं. "खाली एक ओळ रिकामी आहे. प्रकार बदलला की ओळ बदलेल, एवढं करता येईल. पण साठ अक्षरं. त्याच्यावर एक काना सुद्धा मावणार नाही."

दोन दिवस आम्रपाली शब्द मोजत होती. 'कृपया' गेलं, 'असल्यास' गेलं. कृपया काढलेलं जोतीरामांना पटलं नाही. "वंगाळ वाटंल की गं लोकांना." पण लोकांना दिसणार नव्हतं, ती ओळ नोंद करणाऱ्यासाठी होती, हे कळल्यावर ते म्हणाले, "मग काड. आपल्यातल्या आपल्यात कशाला पायजे?" शेवटी कोरड्याखाली लिहायची ओळ अशी झाली: "महिनाभर कमी होत गेलं? तरच कोरडा. रात्रीत बंद? नाही." आणि इतरखाली: "आधी विचारा, हाताला काय लागतं? मगच इतर निवडा."

पण ओळी टाकायला साहेबांची सही लागणार होती. उपअभियंता सयाजी रणनवरे वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त वरून प्रश्न आलेला आवडत नसे.

"लादेबाई, यादी वरून आलेली आहे. तिच्यात बदल का, असं विचारलं तर मी काय सांगू?"

"नोंदी चुकल्यात, साहेब. एकशे त्रेसष्टातले निदान एक्केचाळीस कोरडे नाहीत, असं कार्डांवरूनच दिसतंय. बाकीचेही जाऊन बघावे लागतील."

"कुणी केल्या त्या नोंदी?"

"मी."

रणनवरेंनी चष्मा काढला. "हे तुम्ही लेखी देणार? सर्व्हिस बुकात शेरा जाईल. मला द्यावा लागेल, माझ्या हातात राहणार नाही ते. त्यापेक्षा असं करू, हळूहळू एकेक नोंद दुरुस्त करा. बोभाटा नको."

"एकेक करायला वर्ष जाईल, साहेब. आणि पुढच्या वर्षी माझ्या जागी दुसरं कुणी बसलं, तर तेही आठच दाबेल."

जोतीरामांना हे कळलं तेव्हा ते तिच्या टेबलाशी आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "माज्या नावावर टाक. मीच तुला कोरडं सांगितलं म्हून लिव. मी काय, वरसानं घरी. माजं काय वाकडं व्हनार?"

"तुम्ही सांगितलं असतं तर चुकलंच नसतं, काका."

"लय शानी हायस," ते म्हणाले आणि रागारागाने निघून गेले. संध्याकाळी मात्र जाताना तिच्या टेबलावर कागदात बांधलेली दोन पेढ्यांची पुडी ठेवून गेले.

घरी मुलं झोपल्यावर तिने कपिलला, नवऱ्याला, सांगितलं. तो लोणंदच्या स्टेशनवर पार्सल खात्यात होता, रोज सकाळच्या एसटीने जायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"त्या बाईचा हात बरा होणारे का यानं?" त्याने विचारलं.

"नाही."

"तरी लिहायचंय?"

"हो."

कपिलने पेन तिच्यापुढे सरकवलं. "मग शाईनं लिही. आणि सही नीट कर, नेहमीसारखी कोंबडीचे पाय नको."

ती हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. त्याने उठून चहा ठेवला.

तिने अर्ज दिला. एक पान. कोणत्या नोंदी चुकल्या, कशा चुकल्या, पुढे चुकू नयेत म्हणून काय करावं. शेरा आला. "नोंदींमध्ये निष्काळजीपणा." पण त्याच कागदाच्या खाली ओळी टाकायला मंजुरीही होती, आणि शिवांजलीने त्या सांगलीत बसून भरून फ्लॉपीवर पाठवल्या.

ज्या दिवशी पडद्यावर पहिल्यांदा ती ओळ आली, त्या दिवशी आम्रपालीने जोतीरामांना खुर्चीत बसवलं. त्यांना वाचता येत होतं, पण सावकाश. तिने एकेक आकडा दाबला आणि ते बोट न लावता, ओठ हलवत वाचत गेले. नववी ओळ झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिली दाखवायला सांगितली.

"ह्ये मी बोलल्यालं हाय," ते म्हणाले. विचारल्यासारखं नाही, सांगितल्यासारखंही नाही.

"तुमचंच आहे."

"नाव कुटं हाय तुजं?"

"नाव कशाला? साठच अक्षरं होती."

ते खुर्चीतून उठले. पाना घेऊन बाहेर गेले आणि बराच वेळ पाण्याच्या टाकीपाशी काही काम नसताना उभे राहिले.

त्या पावसाळाभर जीप कोरड्यांच्या यादीने फिरली. एकशे त्रेसष्टातले अठ्ठावन्न हापसे चालू झाले. बाकीचे खरोखरच कोरडे निघाले, तिथे जोतीरामही काही करू शकले नाहीत. प्रत्येक चालू झालेल्या हापशाचा प्रकार आम्रपाली स्वतः बदलायची. त्यातल्या कुठल्या वस्तीवर कुणाचं काय झालं, हे मात्र तिला कळायला मार्ग नव्हता. दिवाळीत ती एकदा शिंगाडेवस्तीला जाऊन आली. मनुबाई अंगणात होती. लोकर पिंजून दुसऱ्या एका पोरसवदा सुनेला धागा कसा ओढायचा ते तोंडाने सांगत होती. "बारीक. आनकी बारीक. हाताला टोचंना असा." आम्रपालीला बघून तिने सतरंजी टाकली. निघताना मनुबाई म्हणाली, "पुन्यांदा येताना पोरांना घिऊन या."

पुढच्या मे महिन्यात जोतीराम निवृत्त झाले. शाल, नारळ, रणनवरे साहेबांचं भाषण. त्याच महिन्यात आम्रपालीची बदली सांगलीला झाली. शेऱ्यामुळे झाली की नियमाने, ते कुणी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. तिथल्या ऑफिसातही तोच प्रोग्राम होता. शेजारच्या टेबलावरची मुलगी फोनवर गाववाल्यांशी बोलताना खालची ओळ वाचून भराभर प्रश्न विचारायची. ओळी कुठून आल्या हे तिला माहीत नव्हतं, आणि आम्रपाली आवक-जावकच्या टेबलावर बसून शिक्के मारत असायची.

नव्याण्णवच्या जानेवारीत शालूबाईंचं पत्र आलं. शालूबाई म्हणजे जोतीरामांची बायको. कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. मालकांना झटका आला, उजवी बाजू गेली, आता थोडं चालतात. तुझं नाव काढलं की बघतात.

रविवारी ती गेली. वाईच्या अलीकडे फाट्यावर उतरून आत अर्धा मैल. जोतीराम ओट्यावर खुर्चीत बसले होते. तिला बघितल्यावर तोंड उघडलं, पण आवाज आला नाही.

"बोलनं गेलंय त्यांचं," शालूबाई म्हणाल्या. "डागदर म्हनत्यात येईल. पन दोन म्हैनं झालं की गं."

आम्रपाली त्यांच्याशेजारी ओट्यावर बसली आणि ऑफिसच्या गोष्टी सांगू लागली. सांगलीचं पाणी मचूळ आहे. कपिल शनिवारी रेल्वेने येतो. मागच्या आठवड्यात जतकडचा एक हापसा मेकॅनिकने झडप म्हणून उघडला आणि झडपच निघाली. जोतीरामांनी डोळे मिटले. डावा हात मांडीवरून उचलला आणि हवेत सावकाश वरखाली केला. दोन-तीनदा. मग तिच्याकडे बघितलं.

"हो," ती म्हणाली. "सकाळी पहिल्या कळशीला लय हात मारावे लागत होते, असं गाववाला म्हणाला."

त्यांनी मान हलवली.

शालूबाईंनी पिठलं-भाकरी वाढली. चारला ती निघाली तर जोतीरामही काठी घेऊन उठले. शालूबाई नको नको म्हणत असताना ते तिच्याबरोबर फाट्यापर्यंत चालत आले. अर्धा मैल यायला त्यांना पाऊण तास लागला. आम्रपाली एकदाही पुढे झाली नाही.

एसटी आली. गर्दी होती. ती चढली, खिडकीपाशी जागा मिळाली. दार लागलं, पण ड्रायव्हर गाडी सोडेना. आरशात त्याला गाडीला टेकून उभा असलेला म्हातारा दिसत होता. "ओ बाबा, सरका मागं," कंडक्टर खिडकीतून ओरडला. जोतीराम पाऊलभर मागे सरले. काठी काखेत धरली, तोल सावरला, आणि डाव्या पंजाने गाडीच्या पत्र्यावर दोनदा जोरात थाप मारली.

गाडी सुटली.